आधी उत्तर, मग प्रश्न

शहाणी माणसं जगात पुष्कळ असतात. हा त्यांच्याहून अर्ध्याने जास्त होता, म्हणून घरात लहानपणापासून त्याचं नाव दीड. बाहेरचे लोक साहेब म्हणायचे. बाहेरच्यांना काय माहीत.

दीडचा धंदा असा, की ऐकणारा आधी 'अच्छा' म्हणायचा आणि मग विषय बदलायचा. मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा. जपानच्या कंपनीकडून रीतसर परवाना घेऊन दीड त्या आपल्या भाषेत आणायचा आणि महिन्याच्या वर्गणीवर ऑनलाइन वाचायला द्यायचा. 'रीतसर' म्हणताना त्याची मान अशी ताठ व्हायची, की कॉलर अपुरी पडावी. फुकट वाचणारे त्याच्या लेखी चोर, वर्गणी भरून वाचणारे मूर्ख, आणि न वाचणारे तर माणसांतच धरायचे नाहीत. आता राहिलं कोण, ते तुम्हीच ओळखा.

ऑफिस म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानावरची खोली. दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, आणि ताईच्या स्क्रीनवर ऊन येऊ नये म्हणून खिडकीला लावलेली जुनी चादर. ताई ही दीडची थोरली बहीण आणि त्याच्या कंपनीतला एकुलता एक नोकरवर्ग. पूर्वी छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायची. सगळ्या आत्या, माम्या, काकू एका पत्रिकेत बसवून वर कुणाला रुसू द्यायचं नाही, असं काम केलेलं. चित्रातल्या फुग्यांत संवाद बसवणं तिच्या डाव्या हातचा मळ. दीड फुग्याशेजारी शब्द खरडून द्यायचा, ती बसवायची. वाचत मात्र कधी नव्हती. तीन तास शब्द कोंबून झाल्यावर कुणाला वाचावंसं वाटेल?

सगळी दुकानदारी एका मालिकेवर चालली होती. एक म्हातारा घड्याळजी, फार बोलत नाही, पण गावातले खून आणि चोऱ्या बसल्या बसल्या सोडवतो. ती गेली असती तर वर्गणीदारही गेले असते. आणि तिच्या परवान्याचं नूतनीकरण दारात येऊन उभं होतं.

आता याच मालिकेपासून दीडने फोनवर वाचायची सोय केली होती. केली म्हणजे काय, नाइलाजाने होऊ दिली. फोनवर वाचणारे म्हणजे उभ्याने जेवणारे, असं त्याचं मत. अख्खं पान छोट्या पडद्यावर मावत नाही, म्हणून पानाच्या चौकटी कापून एकामागून एक दाखवायच्या. ते काम ताईकडे आलं.

"काय रे, एका ओळीतल्या चौकटी कुठल्या बाजूने लावू?" तिने विचारलं होतं.

"हेही मीच सांगायचं? जरा डोकं वापर."

ताईने डोकं वापरलं. आता डोकं छापखान्यातलं. पानं उजवीकडून उलटायची, एवढं तिला ठाऊक होतं. पण पानाच्या आतसुद्धा चौकटी उजवीकडूनच वाचायच्या असतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने आपल्या डावीकडून लावल्या. दीड तपासायचा ती मोठ्या स्क्रीनवरची अख्खी पानं. फोन त्याने उघडूनही पाहिला नाही. उभ्याने कोण जेवणार?

मग काय, फोनवर मजाच मजा. घड्याळजी म्हणायचा, "माळ्याने." पुढच्या चौकटीत फौजदार विचारायचा, "खून कुणी केला?" एक बाई आधी जिन्यावरून गडगडत खाली यायची आणि मग तिचा पाय घसरायचा.

तुम्हाला वाटेल, वाचकांनी बोंब मारली असेल. छे हो. वाचक खूश. घड्याळजीच तो, त्याला पुढचं आधी दिसतं, असं एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी त्याला अंगठे दाखवले. कौतुकाचे हं. एका कॉलेजात जाणाऱ्या पोरीने 'काळाची घडी' असं काहीतरी लांबलचक खरडलं. मेंढरं एकदा वळली की पुढचा खड्डाही त्यांना कुरण वाटतो. हे सगळं वाचून दीडला आपला अनुवाद किती खोल आहे याचा नव्याने साक्षात्कार झाला. इतका खोल, की तळ त्याने स्वतःही पाहिला नव्हता.

एकटी एक वर्गणीदार वाकडी निघाली. निवृत्त मुख्याध्यापिका. दीडइतकीच खडूस, फक्त तिला त्या खडूसपणाचा पगार मिळालेला. तिने लिहिलं, "उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असं माझ्या शाळेत फक्त कॉपी करणाऱ्या मुलांचं होत असे. खुलासा करावा."

दीडने फोन उघडून बघावं की नाही? दोन मिनिटांचं काम. पण नाही. त्याने खुर्चीत मागे रेलून टाइप केलं, "मॅडम, काळाशी खेळणं ही या लेखकाची शैली आहे. सगळ्यांनाच झेपेल असं नाही. हळू वाचा."

"हळू वाचा?" ताई म्हणाली. "बाईंना?"

"अशांना असंच लागतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, आता सवय जात नाही."

"तुझी कुठे गेलीय."

मुख्याध्यापिकेने उत्तर नुसतं वाचलं नाही. इंग्रजीत करून जपानच्या कंपनीला पाठवलं आणि खाली विचारलं, ही शैली खरोखर आपल्या लेखकाची का?

पुढच्या आठवड्यात कंपनीतल्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. दीड इस्त्रीचा शर्ट घालून, चादरीसमोर बसला. त्याला वाटलं, नूतनीकरण. बाई फार नम्र. नम्र माणसाची भीती जास्त, कारण तो ओरडत नाही आणि विसरतही नाही. बाईंनी फोन कॅमेऱ्यासमोर धरला आणि जिन्यावरून गडगडणारी बाई दाखवली.

"आमच्या लेखकाला काळाशी खेळायची सवय नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना ही पानं दाखवली. त्यांनी विचारलं, ही कुणाची?"

दीडचा चेहरा असा झाला, की चादरही जास्त बोलकी वाटावी. अट सरळ होती. सगळे भाग दुरुस्त करा, वाचकांना चूक कुणाची ते स्पष्ट सांगा, मग परवान्याचं बघू.

दुरुस्ती ताईने केली. निवेदन दीडने लिहायला घेतलं. पहिला मसुदा असा: "काही तांत्रिक कारणामुळे..."

ताईने मागून वाचलं. "तांत्रिक कारण म्हणजे मी का?"

"तुझं नाव कुठे घातलंय?"

"खोलीत आपण दोघं. तू तांत्रिक नाहीस. उरलं कोण?" तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी विचारलं होतं तुला. कुठल्या बाजूने लावू, म्हणून. हे असंच गेलं तर पुढचे फुगे तुझे तू भर. मी खाली काउंटरवर बसते, तिथे लोक थँक यू म्हणतात."

आता दीडला फुगा भरता येत असता तर प्रश्नच नव्हता. त्याने एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा सगळी पात्रं अर्ध्या शब्दावर मेली होती. म्हणजे एकीकडे जपान, दुसरीकडे बहीण, आणि मध्ये हा, ज्याने जन्मात 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. जेवताना वाटी सांडली तरी टेबल वाकडं म्हणणारा माणूस.

दुपारभर त्याने लिहिलं आणि खोडलं. शेवटी संध्याकाळी निवेदन साइटवर चढलं. "फोनवर चौकटी चुकीच्या क्रमाने लागल्या. विचारलं असताना मी सांगितलं नाही आणि नंतर तपासलं नाही. चूक माझी. मात्र, एक वाचक वगळता तुमच्यापैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नाही, याचीही नोंद घ्यावी."

"हे शेवटचं कशाला?" ताईने विचारलं.

"खरं आहे."

"खरं आहे म्हणून काय सगळीकडे बोलतात का?" पण तिने चष्मा परत घातला.

कंपनीच्या बाईंनी कळवलं की पहिली तीन वाक्यं समाधानकारक आहेत, चौथं त्यांनी वाचलं नाही असं समजावं. परवाना मिळाला. अट एकच, प्रत्येक भाग चढायच्या आधी मालकाने स्वतः फोनवर वाचायचा. मुख्याध्यापिकेने लिहिलं, "उत्तीर्ण. काठावर." आणि वाचक? निम्म्यांना जुनाच क्रम परत हवा होता. नव्यात म्हणे गूढ राहिलं नाही.

"गाढवं," दीड म्हणाला.

"गाढवंच रे. पण तुझ्याच दावणीची. चल, वाच."

दीडने फोन हातात घेतला, मेलेला उंदीर धरावा तसा. अंगठ्याने एकेक चौकट सरकवू लागला. फौजदाराने विचारलं, घड्याळजीने सांगितलं, बाईचा पाय घसरला आणि मगच ती पडली. थोड्या वेळाने त्याने फोन नाकाजवळ नेला, मग लांब धरला.

"ताई, अक्षरं किती बारीक आहेत गं ही. कुणाला दिसणार?"

"तक्रार लिही," ताई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "उत्तर मी देते."