पोरगी विचार करतीय

चौथीत असताना माझ्या मेंदूतली गाठ काढली. त्याआधी सकाळी उठलं की डोकं ठणकायचं, ओकारी व्हायची, आणि चालताना मी अशी झोकांड्या खायचे की वर्गातली पोरं हसायची. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी मला सरळ रेषेत चालायला लावलं आणि त्याच दिवशी पुण्याला पाठवलं. गाठ साधी होती, पूर्ण निघाली. घरच्यांना वाटलं, सुटलो.

शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागितलं म्हणे. पण दुसऱ्या दिवशी आवाजच गेला. आई तोंडाजवळ तोंड आणून विचारायची, "वळखलंस का मला?" मला ठाऊक असायचं ही आई आहे, पण शब्द बाहेर पडायचा नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या मागच्या भागाच्या ऑपरेशननंतर काही मुलांचं असं होतं, बोलणं येईल परत. आई मग एकटीच बोलत राहिली. गाय व्याली, कालवड झाली, सगळं सांगायची. काही आठवड्यांनी एका दुपारी ती मला उपमा भरवत होती, तेव्हा मी म्हणाले, "खारट."

आई सिस्टरांना बोलवायला धावली. परत आल्यावर तिनं स्वतः एक घास खाल्ला. "खरंच की गं, लई खारट हाय," म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

घरी आल्यावर खरा त्रास सुरू झाला. फळ्यावरचं मी अर्धं उतरवेपर्यंत बाई फळा पुसून मोकळ्या व्हायच्या. गणितं यायची, पण उशिरा. आई सांगायची, "कोंबड्यांना दाणे टाक, काकूकडनं विळी आण, आन् पाणी तापत ठेव." मी दाणे टाकून अंगणातच उभी. पुढचं काय होतं ते डोक्यातून गेलेलं असायचं. त्यात कुणी "आटप की" म्हटलं की भडका उडायचा. ताटं भिरकावली, चुलतभावाला चावले. आधी मी अशी नव्हते, हे मलाही कळत होतं.

"लाडानं बिघडलीय," आप्पा, माझे वडील, म्हणायचे.

पुढच्या तपासणीला पुण्यात एका मॅडमनी मला दुपारभर ठोकळे जुळवायला लावले, आकडे उलटे म्हणायला लावले. मग आई-आप्पांना म्हणाल्या, "समज चांगली आहे तिची. फक्त डोकं हळू चालतं, आणि एकदम बऱ्याच गोष्टी लक्षात राहत नाहीत. चिडते त्यामुळंच. एका वेळी एकच सांगा, आणि थांबा."

"किती थांबायचं?" आप्पांनी विचारलं.

"तिचं होईपर्यंत."

परतताना एसटीत चढल्यावर आप्पांनी मला विचारलं, "खिडकीपाशी बसतीस का?" आणि माझं उत्तर येईपर्यंत वाटेतच उभे राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, सरका की पुढं!"

"थांबा राव," आप्पा म्हणाले, "पोरगी विचार करतीय."

मी खिडकीपाशी बसले.

दहावीला पेपरात जास्तीचा वेळ मिळाला आणि पास झाले. आता आमच्या आळे गावातच टोमॅटोच्या रोपवाटिकेत काम करते. ट्रेच्या एकेका खळग्यात एकेक बी टाकायचं. मालकीणबाई एक काम झालं की मगच दुसरं सांगतात. राग अजून येतो. तेव्हा मी शेडच्या बाहेर जाऊन उभी राहते, त्या काही विचारत नाहीत. तोल अजूनही थोडा जातो, म्हणून स्कूटी शिकले नाही.

गेल्या महिन्यात नवा चष्मा आणायला पहिल्यांदाच एकटी नारायणगावला निघाले. खिडकीतून बघत बसले आणि नारायणगावला उतरायचं विसरून थेट पुढं मंचरला पोचले. आईला फोन लावला.

"आई, मी मंचरला आलेय."

आई म्हणाली, "बरं. भूक लागलीय का?"

"लागलीय."

"मग आधी खा कायतरी. गाड्या येतच राहत्यात."

स्टँडसमोर झणझणीत मिसळ खाल्ली. परतीच्या गाडीत कंडक्टरना म्हणाले, "भाऊ, नारायणगाव आलं की हाक मारा. माझ्या लक्षात राहत नाही." अनोळखी माणसाला हे मी प्रथमच सांगत होते.

"बिनधास्त बसा, ताई," ते म्हणाले, आणि त्यांनी हाक मारलीही.

दुकानात चष्मा घालून आरशात पाहिलं. चांगली दिसत होते.