पिलांवरची मरळ

सभासद मित्रहो,

आज सकाळी कुहीजवळच्या तलावावर मी जे केले, ते आपल्या मासेमारी मंडळाच्या फलकावर मीच लिहून लावतो आहे. दुसऱ्याच्या तोंडून ते तुम्हाला कळू नये.

डोंगा वल्हवणाऱ्या तुळशीरामने पाण्यावरचा लालसर पुंजका दाखवला. "साहेब, मरळीचे पिल्लं हायेत. माय खालीच राखत राहते. तिथं गळ नोका टाकू."

मी टाकला. पिलांजवळ काही हलले की मरळ झडप घालते, हे मला ठाऊक होते. तिने घातली.

पट्टी लावली, अठरा इंच भरली. बारा इंचांखालचा मासा सोडावा, हा मंडळाचा नियम मीच लिहिलेला आहे. "नियमात बसते," असे म्हणून मी तिला जाळीच्या थैलीत घातले आणि थैली डोंग्याच्या कडेला पाण्यात सोडली.

"जित्ती हाय तवरिक सोडून द्या न, साहेब!"

मी ऐकले नाही. थोड्याच वेळात सारी पिले त्या थैलीभोवती गोळा झाली.

"आता हे बी मोजून घ्या," तुळशीराम म्हणाला. "बसते का पाहा तुमच्या पट्टीत."

तेव्हाही थैली उघडता आली असती. परंतु त्याच्यादेखत चूक कबूल करणे मला जमले नाही. मी थैली पाण्यातून वर उचलून डोंग्यात घेतली.

घरी मरळ रांधली गेली. मी ताट बाजूला सारून हे लिहायला बसलो. पिलांवरची मरळ धरू नये, हे वाक्य नियमात यायलाच हवे. ते मी लिहावे, की तो अधिकार मी आज गमावला?