रखमाबाईचा धवला आणि एक बटण

“आईचा आवाज बंद करू? जीभ कशी वळली तुझी, विने?”

“बंद नको रे दादा. नुसता आपणहून सुरू व्हायचा थांबव.”

“म्हणजे तेच ना!”

“तेच कसं? पान उघडलं की आई गायला लागते, आणि माझा पोपट काय बोलतो ते मला कायपण कळत नाय.”

पोपट म्हणजे विनिताच्या लॅपटॉपमधला स्क्रीन रीडर. कॉलेज संपता संपता तिची नजर गेली, तेव्हापासून पडद्यावरची अक्षरं तोच तिला वाचून दाखवायचा. त्याच्या भरवशावर तिने बदलापूर गावातल्या घरच्या लॉनचं बुकिंग अंगावर घेतलं होतं. कुणाची हळद, कुणाचा साखरपुडा, कधी घोळ नाही. मग तिच्या भावाने, कमलेशने नवी वेबसाइट करवून घेतली, तिच्यावर आईच्या आवाजातला धवला, म्हणजे लग्नात म्हणायचं गाणं घातलं, आणि एकाच संध्याकाळी दोन हळदी येऊन बसल्या.

“दोन्ही घरची माणसं माझ्या अंगावर आली,” कमलेश म्हणाला. “नसेल जमत तर सांग. उद्यापासून काकांचा भावेश बसेल बुकिंगला.”

विनिताचा आवाज चढला. “जमत होतं की! धवला आला तेव्हापासून नाय जमत.”

“मग बंद करायचं बटण आहे ना खाली. दाब.”

“खाली कुठे, ते कोण सांगणार? पोपट. आणि पोपटाला कोण बोलू देत नाय? आई!”

“हेडफोन लाव.”

“लावले. आता दोघं कानात शिरून भांडतात.”

कमलेशला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात घातलं. मग हळूच म्हणाला, “लोकांच्या अंगावर काटा येतो गं ऐकून. आईचं एवढंच उरलंय.”

त्यांची आई, रखमाबाई, गावाची धवलारीण होती, लग्नात धवले गाणारी. तिच्या धवल्यांशिवाय इथे मांडवाला मांडवपण यायचं नाही.

“दादा, एक सांग. मांडवात ती आपणहून कधी गायली? कपाळाला हळदकुंकू लावून ‘घे गं रखमे’ म्हटल्याशिवाय तोंड उघडायची?”

कमलेशने लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

“कुणी बोलत असलं तर थांबायची. आणि तू तिला न बोलावता जो येईल त्याच्या कानात गायला लावलीस.”

खुर्ची सरकली. बराच वेळ नुसता की-बोर्ड खडखडला. मग लॅपटॉप तिच्या पुढ्यात आला.

“उघड.”

पान उघडलं. शांतता. आणि त्या शांततेत पोपट, स्वच्छ, ठणठणीत: “नाव. तारीख. धवला ऐका, बटण.”

विनिताने केवढा तरी मोठा श्वास सोडला. एक तारीख भरून पाहिली, खोडली, दुसरी भरली. सगळं पूर्वीसारखं बोटांखाली आलं होतं.

“मोरिवलीचे लोक बुकिंगसाठी फोन करतील,” कमलेश पुटपुटला. “त्यांची हळद तूच घे. नीट घे.”

विनिता खुदकन हसली. मग पदर सावरल्यासारखी ओढणी सावरून म्हणाली, “घे गं रखमे,” आणि बटण दाबलं.

आई गायला लागली. किती दिवसांनी ती नुसती ऐकता आली!

पहिलं कडवं संपता संपता खुर्चीतून नाक ओढलेलं ऐकू आलं.

“दादा, रडतोस काय रे?”

चपला फरफटल्या आणि दार लोटल्याचा आवाज आला.