चपातीची एक वाडी

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. थोरल्या काकांनी एवढंच सांगितलं, "बापूस पडलो तुझो. ये." कणकवलीहून मसुऱ्याकडे जाणाऱ्या एसटीत बसून मी पूर्ण वाटभर विचार करत होते, पडले म्हणजे लागलं कुठे असेल... घरापुढच्या चपला पाहिल्या आणि कळलं.

त्याला आता काही आठवडे झाले. लोक अजून येतात, बाबांच्या फोटोला हात जोडतात, "कारगिलक लढललो माणूस" म्हणतात आणि माझ्याकडे बघतात, जणू पुढचं मी सांगणार आहे. मी काय सांगू? घरात कॉलेजला गेलेली पहिली मीच, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचं काम माझ्यावर आलं. पण लढाईबद्दल बाबा बोलले ते एवढंच, की तिथे कांदा दगडासारखा गोठायचा आणि डाळ शिजता शिजायची नाही. शाळेत असताना निबंधासाठी मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले होते.

"बाबा, गोळीबार होता?"

"होतो मां."

"मगे?"

"मगे काय, गाडी चालवलंय."

शेवटी निबंधात मी हिमालयाचं वर्णन लिहून टाकलं.

ते फौजेत ट्रक चालवायचे. वर सामान न्यायचं आणि उतरताना जखमींना आणायचं, हे मला आईकडून कळलं. निवृत्त झाल्यावर गावात त्यांनी आंब्याच्या पेट्या वाहायला टेम्पो घेतला, आणि तो इतका हळू चालवला की बागायतदार कातावून जायचे. "अरे, मागे काय बाळंतीण बसवलंस? पेटयेतच पिकतले माझे आंबे!" बाबा हसायचे आणि पुढच्या खड्ड्याजवळ गाडी जवळजवळ उभीच करायचे. त्या टेम्पोतून शाळेत उशिरा पोचून मीही कितीदा चिडून रडले आहे.

पण आमच्या घरातला खरा वैताग म्हणजे पितृपक्षातला म्हाळ. त्या दिवशी आई पहाटेपासून वडे, काळ्या वाटाण्याची आमटी आणि खिरीत बुडालेली असायची. पितरांच्या वाड्या, म्हणजे केळीच्या पानांवरचे नैवेद्य, वाढून झाले की बाबा हळूच म्हणायचे, "एक चपातीची." ती बलवंतसाठी. बलवंत हरयाणाचा, त्यांचा फौजेतला दोस्त. जखमी झाला तेव्हा बाबांनीच त्याला गाडीतून खाली आणलं. दवाखान्याच्या दारात कोणीतरी सांगितलं, हरयाणावाला गेला. बाबांना लगेच वर परतायचं होतं, पुढे बदली झाली, आणि त्यांनी पुन्हा कोणाला विचारलं नाही. विचारायला काय जात होतं? पण नाही. "तो भाताक हात लावी नाय," एवढं सांगून ते चपातीची वाट बघत उभे राहायचे. आई लाटणं आपटायची. "माझ्या सासऱ्याक वडे, आणि हेंच्या दोस्ताक गरम चपाती!"

दोन वर्षांपूर्वी बलवंतचा फोन आला.

जुन्या सोबत्याकडून त्याला आमचा नंबर मिळाला होता. तो धडधाकट होता, नातवंडांत रमलेला. बाबा हिंदीत खूप वेळ बोलले, हसले, त्यांनी डोळे पुसले. फोन ठेवल्या ठेवल्या आई कडाडली, "जित्या माणसाक इतकी वर्सां वाडी घातलास! आणि मी आपली लाटत बसलंय!" मला हसू आवरेना. बाबा मात्र उठून अंगणात जाऊन बसले. आणि त्या वर्षीच्या म्हाळाला पुन्हा, "एक चपातीची."

"आता कोणाक?" आईने विचारलं.

"गाडयेत हरयाणाचोच आणखी एक पोरगो होतो. बलवंतान सांगल्यान. गेलो तो तोच. माका तेचा नाव इचारूक गावला नाय." त्यांनी केळीचं पान सरळ केलं. "तो पण चपातीवालोच. म्हणजे वाडी बरोबर पोचली."

आईने परात पुढे ओढली. मी आणखी विचारायला गेले, तर म्हणाले, "कावळो इलो काय बघ."

बाराव्याला मागच्या दारी खुद्द बाबांची वाडी ठेवली, आणि कावळा शिवेना. मेलेल्याची काही इच्छा राहिली असं आमच्याकडे समजतात. मग घरचे एकेक जण शब्द देतात. थोरल्या काकांनी हात जोडले. "बाबल, चेडवाची काळजी करू नको. ह्या वर्सा तेचा लगीन करून देतलंव." माझं हे शेवटचं वर्ष, पुढे बी.एड. करायचंय... मेलेल्याला दिलेला शब्द आमच्याकडे कोणी मोडत नाही. आणि नेमका तेव्हाच फणसावरचा कावळा खालच्या फांदीवर आला! आई घाईने पुढे झाली. "ओ, ऐकतास मां? चेडू आधी शिकतला. आणि तुमची ती चपाती मी दरवर्सा करतलंय. आता जेवा." कावळा उतरला आणि वड्याचा तुकडा घेऊन उडाला.

तो कोणाच्या शब्दावर उतरला, यावर घरात अजून वाद चालू आहे. गेल्यावरही बाबांनी सरळ उत्तर म्हणून दिलं नाही.

गेल्या रविवारी काका आले. "पुढच्या आयतवारी पावणे चेडवाक बघूक येतले. कावळ्यान कौल दिल्यान हा." काकांपुढे मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी बोलले. "काका, तेंका येऊ नका म्हणान सांगा. माझी परीक्षा आसा. मगे बी.एड., मगे नोकरी. लगीन कधी करूचा ता माझा मी ठरवतलंय. कावळ्याक दोन शब्द दिले, तेतलो आयेचो मी पाळतलंय."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आईकडे वळून म्हणाले, "बघ, बापाशीवर गेला!"

"नाय हो," आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. "बापूस इतक्या कधी बोललोच नाय."