इवाईबुवा कंपनी बदलतात

एखादी वस्तू स्वस्तात मिळतेय, या नुसत्या बातमीने माणूस किती हरखून जाऊ शकतो हे ज्याला पाहायचं असेल, त्याने उंद्रीला येऊन आमच्या इवाईबुवांना भेटावं. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात; मी त्यांचा इवाई, ते माझे. मुलगी गावातच दिली, त्यामुळे हे इवाई माझ्यापासून तीनच गल्ल्यांवर राहतात. त्यांना खरेदीत फारसा रस नाही. खरेदी करावी की नाही, या प्रश्नात मात्र त्यांचा जीव रमतो. फवारणीचा पंप घ्यायचा होता तेव्हा त्यांनी अख्ख्या गावाचं मत घेतलं, एका पाहुण्याला तर एसटीतून उतरता उतरता गाठलं, आणि पंप घरी आला तोवर फवारणी उरकली होती. तरीही ते महिनाभर खुशीत होते.

त्यांच्या फोनला रेंज यायची ती आमच्या ओट्यावर, तुळशीजवळच्या कोपऱ्यात. त्यांच्या घरी तिचा पत्ताच नसे. आता मुलाच्या बापाने सुनेच्या माहेरी रोज जाऊन बसणं आमच्याकडे बरं दिसत नाही. लगेच लोक विचारतात, काही बिनसलं का म्हणून. पण रेंजच तिथे येते म्हटल्यावर कोण काय बोलणार? दररोज संध्याकाळी इवाईबुवा गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत, "रेंजसाठी आलो हो!" मग दोन मिनिटं फोनवर बोलत आणि दोन तास माझ्याशी. आमची बायको इवायाचा मान म्हणून चहात आलं घाली, आणि तेवढ्यापुरतं मलाही आल्याचा चहा मिळे.

एक दिवस ते जवळजवळ धावतच आले. दोन्ही हातांत दोन फोन. "इवाईबुवा, नवी कंपनी निम्म्या भावात देऊन राह्यली! आन् रेंज? पोराच्या फोनवर सारं घर फिरून पाह्यलं. माजघरात फुल, गोठ्यात फुल. बैलाच्या कानाले लावून पाह्यला, तठी बी फुल!"

बैलाचं काय मत पडलं ते मी विचारलं नाही. घरातच रेंज आली की हा माणूस आमच्याकडे कशाला येईल? खरं सांगतो, मी स्वार्थाने बोललो. जाणकाराचा चेहरा करून म्हणालो, "सुरुवातीले स्वस्तच देतात. आन् बदलताना नंबर मधातच अडकला तं?"

"अडकते का?" त्यांचे डोळे चमकले. त्यांना भीती वाटण्याऐवजी चर्चेला नवा विषय मिळाला. नंबर तोच ठेवून कंपनी सोडायचा कोड त्यांनी दोनदा मागवला आणि दोन्ही वेळा मुदत संपेपर्यंत आमच्या ओट्यावर बसून त्यावर विचार केला. जुन्या कंपनीतल्या बाईचा मनधरणीचा फोन आला, तेव्हा त्यांनी तो स्पीकरवर टाकला. "ताई, तुमच्यावर राग नाही आपला," ते गहिवरून म्हणाले. "तुमी जेवल्या का पयले?" ती बाई बिचारी गोंधळून हो म्हणाली. पुढे घरी कोण कोण असतं इथवर गाडी गेली आणि प्लॅनचं राहूनच गेलं. मला हायसं वाटलं.

पण चिखलीच्या बाजाराला गेले आणि तिसऱ्या कोडवर त्यांनी कंपनी बदललीच. "झालं, इवाईबुवा! फोटो काढला, अंगठा घेतला, पाच मिनिटांत काम!" असा आनंद त्यांनी मुलाच्या लग्नातही दाखवला नव्हता. मी अभिनंदन केलं, पण मनापासून नाही.

नवं सिम सुरू झालं आणि ओटा ओस पडला. दोन दिवस बायकोने सवयीने तीन कप चहा टाकला. तिसऱ्या दिवशी दुपारी इवाईबुवांच्या नंबरवरून मुलीचा फोन आला. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. "बाबा, मामाजीचा फोन हाये. चुलीपाशी उभी हाओ मी, तरी किती साफ आवाज येऊन राह्यला!" खरंच, फोडणीची चुरचुरसुद्धा ऐकू येत होती. आता सगळं संपलं, असं मनाशी म्हणून मी फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी हाक आली, "रेंजसाठी आलो हो!"

इवाईबुवा ओट्यावर टेकले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नवी कंपनी बी तशीच निंघाली बाप्पा. घरात काहीच आयकू येत नाही."

"हाव," मी म्हणालो. "म्या सांगतलंच होतं. अठीच येत जा बोलाले."

आतून आल्याचा वास आला. टीव्हीची छत्री बदलावी की नाही हा विषय त्यांनी मोठ्या हुरुपाने काढला आणि दिवेलागण होऊन गेली तरी तो संपला नाही. त्या दिवशी त्यांनी कोणालाच फोन लावला नाही. फोन त्यांनी तुळशीजवळ पालथा ठेवला होता, आणि तो सरळ करून रेंज पाहावी असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.