आमच्या कुत्र्यांची बंगारम्मा

स्वतःला अक्कल नसली तर शेजार तरी धड असावा लागतो. मला तो लाभला, म्हणून हा चौडप्पा आज बोलायला शिल्लक आहे.

आमच्या कर्नाटकातल्या मलनाडात उन्हाळा लागला की गोठ्यात अंथरायला सुका पाला हवा. तो आणायला माणसं रानात, माणसांमागे कुत्री, आणि परतताना दोघांच्याही अंगावर गोचिडी. त्यातली एखादी चावली की माकडताप देते, माणूस दगावतो असा. तेवढी एक पुरते.

शेजारची बंगारम्मा विधवा बाई. उन्हाळाभर दुपारी चिमटा आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन ओट्यावर बसायची. रानातून आलेला प्रत्येक कुत्रा आधी तिच्यापुढे. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, गळपट्ट्याखाली बघायची. गोचीड दिसली की अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि वाटीत बुडवायची. मग मालकाला म्हणायची, आता तुम्ही, बाह्या वर करा. कुणाला चावलेली निघाली तर भिंतीवर कोळशाने त्याच्या नावाची रेघ, पुढे रोज एक, ताप येतो का ते दिवस मोजायला.

मला ही सगळी थेरं वाटायची. गोचीड चिकटू नये म्हणून दवाखान्याने अंगाला चोळायला दिलेलं तेल मी माळ्यावर टाकलेलं. केंचाच्या, म्हणजे माझ्या कुत्र्याच्या, गोचिडी हाताने उपटून नखावर चिरडायचो; बाप तसंच करायचा. आणि हा बेइमान केंचा मला चुकवून तिच्याच ओट्यावर जाऊन बसायचा!

एका वर्षी पाल्याचा भारा आणला आणि दमून त्याच्यावरच आडवा झालो. केंचाही शेजारी लोळला. बंगारम्माने ते ओट्यावरून पाहिलं आणि तरातरा आली. माझ्या गुडघ्याच्या मागे एक चिकटलेली होतीच. मी तिला नाही नाही ते बोललो. तिने शांतपणे ती काढली.

"रोज संध्याकाळी येईन," ती म्हणाली. "शिव्या द्या अण्णा, पण ताप आला तर लपवू नका."

सहा दिवस ती आली, सहा दिवस मी तिला हाकललं. सातव्या दिवशी सकाळपासूनच डोकं फुटायला लागलं, अंग भाजू लागलं. बायकोला म्हटलं, ऊन लागलंय. संध्याकाळी बंगारम्मालाही आतूनच ओरडून सांगितलं, काही नाही, जा. ती सरळ आत आली, कपाळाला हात लावला आणि जीप बोलवायला गेली. इस्पितळात चावल्याचा दिवससुद्धा तिनेच सांगितला. तिसऱ्या दिवशी माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टर बायकोला म्हणाले, वेळेवर आणलंत, नाहीतर कठीण होतं.

बारा दिवसांनी घरी आलो. पाय लटपटत होते, तरी केंचाला घेऊन आधी तिच्याकडे गेलो. विचारलं, "मी एवढं टाकून बोलायचो, तरी रोज का यायचीस गं?"

ती केंचाचा कान उलटा करून बघत होती.

"आमचे हे पण म्हणाले होते, काही नाही म्हणून," ती म्हणाली. "मी चार दिवस खरं मानलं."

उभ्या जन्मात कुणाचे उपकार मानले नव्हते, त्या दिवशी मनापासून मानले. केंचाचं झालं तसा मी लुंगी गुडघ्यावर घेऊन तिच्यापुढे बसलो.

"बघ बाई," म्हटलं, "नीट बघ."