लेकीच्या बाळंतपणाला मी गेले नाही

दोन हजार पाच साली मुलीला दिवस राहिले तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. दोघी अमेरिकेतच, पण ती पूर्वेच्या टोकाला हर्नडनला, मी पश्चिमेकडे चँडलरला. बातमी कळली त्याच आठवड्यात मी शाळेच्या लायब्ररीतल्या नोकरीवर तीन महिन्यांची रजा मागून ठेवली. जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवली. डिंक, अळीव, खारीक सगळं आणून डब्यांत भरलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला पुढच्या महिन्यांचा विचार करावासा वाटत होता.

नवऱ्याला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना मी न्यूमोनिया सांगितला. ते खोटं नव्हतं, न्यूमोनिया झालाच होता. पण तो का झाला हे हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मला एका छोट्या खोलीत बसवून सांगितलं आणि मग माझंही रक्त घेतलं. एचआयव्ही मलाही होता. नवऱ्याला विचारायची सोय उरली नव्हती. तो बेशुद्ध होता आणि चार दिवसांनी गेला. मुलगी तेव्हा कॉलेजात शिकत होती. तिला काय सांगायचं? बाप गेला एवढंच तिला पुष्कळ होतं.

औषधांनी मला जगवलं. पण गाल आत गेले, हातापायांच्या काड्या झाल्या, पोट तेवढं पुढे आलं. "काकू, किती बारीक झालात! डाएट करता का?" मंडळातल्या मुली विचारायच्या. मी थायरॉइड म्हणायचे. पुढे पुढे गणपतीलाही जाईनाशी झाले. पाळी जाताना अंगातून वाफा निघायच्या, घामाने ब्लाउज भिजायचा. हे वयाचं की आजाराचं, असं डॉक्टरांना विचारलं, तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "सांगता येत नाही. तुमच्या वयाच्या बायका माझ्याकडे फार नाहीत."

मुलीला पाचवा महिना लागला आणि मी बाथटबमधून बाहेर येताना घसरले. तळपायांना कित्येक दिवस धड काही कळतच नसे. उजवं मनगट मोडलं. मी नको नको म्हणत असताना मुलगी पोट घेऊन विमानाने आली.

माझ्या गोळ्यांच्या बाटल्यांची झाकणं दाबून फिरवावी लागतात. एका हाताने ती उघडेनात. पहिला दिवस मी गोळ्यांशिवाय काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बाटली गुडघ्यांत धरून खटपट करताना पाहिलं.

"आई, आण इकडे." तिने बाटली घेतली, फिरवून पाहिली. "लेबल कुठेय?"

"निघालं असेल."

"सगळ्यांचीच निघाली? ही तर खरवडलीयेत. आई, कसल्या गोळ्या आहेत या?"

मी थायरॉइड म्हणायला तोंड उघडलं. पण ती समोर पोटावर हात ठेवून उभी होती आणि मला वाटलं, हिच्या बाळाला मी न्हाऊ घालणार आहे, मग हिच्याशी तरी खोटं नको. सांगून टाकलं. बापाचंही सांगितलं.

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "दहा वर्षं? दहा वर्षं तू एकटीच?" आणि माझ्या कुशीत शिरून रडली. मला वाटलं, सुटले. त्या दुपारी आम्ही दोघींनी वरणभात खाल्ला. तो तिनेच कालवला आणि मला भरवला. इतकं हलकं मला नवरा गेल्यानंतर कधी वाटलं नव्हतं.

ती परत गेली. दोन आठवड्यांनी फोन आला.

"आई, नागपूरहून सासूबाई येतायत. व्हिसा झाला त्यांचा. तू हात सांभाळ. एवढ्या लांब ट्रॅव्हल नको करू."

"अगं, प्लास्टर निघतंय पुढच्या सोमवारी."

ती हळू आवाजात म्हणाली, "मला माहितीये, असं पसरत नाही. मी सगळं वाचलंय. आय नो, आई. पण मला भीती वाटते. आणि इथे घरात कुणालाच मी काही सांगितलेलं नाहीये."

"बरं," मी म्हणाले. रजा रद्द केली.

नातू झाला. बारशाला मी दोन दिवसांसाठी गेले. विहीणबाई मायाळू. त्यांना काही ठाऊक नव्हतं. पाळण्यातून बाळ उचलून त्यांनी सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. "घ्या ना हो, तुमचंच आहे!" बाळाच्या टाळूला वेखंडाचा वास येत होता. मी नीट पाहिलंही नव्हतं तोच मुलगी लगबगीने आली आणि तिने त्याला उचललं.

"आईचा हात दुखतो अजून."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हो, दुखतो."

आता तो तीन वर्षांचा आहे. रविवारी फोन येतो. मागून त्याचं "हू इज इट?" ऐकू येतं. "आजी," मुलगी सांगते, आणि तो खेळायला पळतो. तिचं माझ्यावर प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. ती दर आठवड्याला माझे रिपोर्ट विचारते. ये मात्र म्हणत नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टर खुशीत होते. रक्तात विषाणू सापडत नाही, अशीच औषधं घेत राहिलात तर वीस वर्षं सहज काढाल, म्हणाले. मी विचारलं, पाय असेच बधिर होत गेले आणि एकटीला चालवेना, तर मला कोण बघणार? त्यांनी क्षणभर पेन खाली ठेवलं. "मुलगी आहे ना तुम्हाला? तिला एकदा घेऊन या. मी समजावून सांगेन."

मी मान हलवली. तिला समजावण्यासारखं काय होतं? तिला सगळं माहीतच होतं.